स्वस्थ बसायची चोरी

आर्वी मगदूमच्या मानेला शांतपट्टी बांधायची ही तिसरी खेप होती, आणि तिसऱ्या खेपेलाही पट्टी सुरू झाली तशी ती खोकायला लागली. साधंसुधं खोकणं नव्हे. डोळ्यांतून पाणी, आवाज बसलेला, आणि तरी चेहऱ्यावर हसू, की बघा, मला काही होत नाहीये. समोरच्या पडद्यावर धास्तीमापकाची लाल रेघ मात्र छताला टेकली होती. रेघेला हसता येत नाही.

"बंद करतो," डॉ. बिरनाळे म्हणाले. हे चेता-अभियंता, म्हणजे मज्जातंतूंना वीज जोडून बघणारे गृहस्थ. पट्टीचं यंत्र त्यांच्या हातचं.

"नको सर. सवय होईल," आर्वी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"सवय व्हायची असती तर मागच्या महिन्यातच झाली असती. मानेतली जी नस आम्ही हलकेच छेडतो, तिचा एक फाटा घशाकडे जातो. तुझा तो फाटा जरा जास्तच जागा आहे. यात तुझा दोष नाही आणि आमचाही नाही."

मिरजेतल्या कृष्णाकाठ वैद्यकपूर्व महाविद्यालयाची ही चेताप्रयोगशाळा. बारावी झाली की लगेच डॉक्टरकीला पळायचे दिवस आता मागे पडले होते. आधी तीन वर्षांची वैद्यकपूर्व पदवी, मग प्रवेश परीक्षा, आणि तीही जन्मात एकदाच. वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बसणाऱ्या मुलांची दया येऊन सरकारने हा नियम केला होता म्हणे. दया अशी, की आता पोरं तीन वर्षं एकाच दिवसाकडे डोळे लावून जगत. आर्वीचं ते तिसरं वर्ष होतं आणि परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

खिडकीपाशी डॉ. वसुधा केळवकर उभ्या होत्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख, नावाजलेल्या शल्यचिकित्सक आणि तितक्याच नावाजलेल्या तापट. त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक त्यांचं नाव काढताना आधी दाराकडे बघत.

"मॅडम, पट्टीशिवाय मी मागे पडणार ना?" आर्वीने विचारलं.

केळवकरांना गोड खोटं बोलता येत नसे. "पडशील. पट्टी काय करते ते समजून घे, म्हणजे नशिबाला बोल लावत बसणार नाहीस. मेंदू नुसता धडा साठवत नाही. धडा वाचताना अंगाची जी अवस्था असते, तिच्याशी त्याची गाठ मारून ठेवतो. पुढे तीच अवस्था आली की गाठ सुटते आणि धडा हाती येतो. अवस्था वेगळी असली की धडा असतो आतच, पण हाती लागत नाही. याला आम्ही स्थितिबद्ध स्मृती म्हणतो."

"सोपं सांगतो," बिरनाळे मध्ये पडले. "तू स्वयंपाकघरातून उठून काहीतरी न्यायला बाहेरच्या खोलीत येतेस आणि काय न्यायचं तेच विसरतेस. परत स्वयंपाकघरात गेलीस की आठवतं. होतं की नाही असं? तेच हे. फक्त इथे खोली म्हणजे तुझं अंग."

"सगळ्यांचंच असं असतं?"

"असतं, पण सैल. माणूस कधी हसत वाचतो, कधी रडत, कधी चालत, त्यामुळे गाठ एकाच ठिकाणी बसत नाही. अवस्था जितकी ठाम आणि रोजची, तितकी गाठ घट्ट. पट्टी रोज तीच, तेवढीच शांतता देते. तीच पट्टी परीक्षेला बांधली की सगळं पान डोळ्यांपुढे उभं. परीक्षा मंडळाने तिला चष्म्यासारखीच परवानगी दिलीय."

"आणि सगळ्यांनीच बांधली तर?" आर्वी म्हणाली.

बिरनाळ्यांनी केळवकरांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांनी स्वतः प्रयोगशाळेच्या बैठकीत दोनदा विचारला होता आणि दोनदा मॅडमच्या शिव्या खाल्ल्या होत्या. "तर गुणांची रेघ वर जाईल," ते म्हणाले. "जत्रेत सगळेच टाचा वर करून उभे राहिले तर तमाशा कुणालाच जास्त दिसत नाही. फक्त ज्याच्या टाचा दुखतात त्याला अजिबात दिसत नाही."

आर्वीने मानेवरचा पट्टीचा वळ चोळला, दोघांना नमस्कार केला आणि बाहेर पडली.

आता तिच्या घरचं थोडं सांगायला हवं. जयसिंगपूरला तिच्या वडिलांचं, आप्पांचं, चष्म्याचं दुकान. माणूस साधा, बोलका, लेकीवर जीव टाकणारा. आर्वीला कधी एका शब्दाने 'अभ्यास कर' म्हणाले नाहीत. पण दुकानात कुणी म्हातारं माणूस मोतीबिंदूचं गाऱ्हाणं घेऊन आलं की हे त्याला सांगत, "थोडं थांबा, आमची आर्वीच करेल तुमचं ऑपरेशन." ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी तर खरंच ऑपरेशन पुढे ढकललं होतं. आर्वी सुट्टीत घरी गेली की गल्लीतली बायामाणसं तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणून हाक मारत. अशा प्रेमाला काय म्हणायचं? रागावताही येत नाही आणि झोपही लागत नाही.

वसतिगृहात तिची सोबतीण नाझनीन मुजावर. पहिल्या वर्षी ही नाझनीन इतकी रडायची, की उशी वाळत घालावी लागे. पट्टी आली आणि पोरीचं रूपच पालटलं. आता ती पुस्तक उघडून बसली की बसली. पापणी लवायची तेवढीच काय ती हालचाल.

"आर्वे, तुझ्या पायानं टेबल हलतंय," ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायची.

"माझ्या हातात आहे का ते?"

"हातात नाही, पायात आहे. थांबव."

आर्वी मग उठून वऱ्हांड्यात येई आणि येरझाऱ्या घालत वाची. काय काय करून पाहिलं नव्हतं तिने. श्वास मोजले, थंड पाण्याने तोंड धुतलं, समुपदेशक बाईंनी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून समुद्रकिनारा डोळ्यांपुढे आणला. तर किनाऱ्यावर आप्पा उभे, आणि त्यांच्या मागे मोतीबिंदूवाल्यांची रांग. मैदानात धावून आली तर धाप आणि धास्ती एकमेकींत अशा मिसळल्या, की कुठली कुठली ते कळेना. शेवटी तिने भीतीशी भांडायचं सोडलं. छाती धडधडतेय ना, धडधडू दे. पोटात गोळा आलाय ना, येऊ दे. तशीच ती वाचत राहिली, नखं कुरतडत, ओठ चावत, एकेक हाड, एकेक धमनी, एकेक औषध. तीन वर्षांत असं एक पान नव्हतं जे तिने स्वस्थपणे वाचलं असेल.

परीक्षा झाली. सभागृहात मानेला पट्ट्या बांधलेली शेकडो मुलं देवळात बसल्यासारखी बसली होती, आणि त्यांच्यामध्ये एकटी आर्वी घामाने भिजून निघत होती. तिला येत होतं, बरं का. उत्तरं भराभर येत होती. पण हाताला कंप, दोनदा चुकीचा चौकोन रंगवलेला, एका प्रश्नाची ओळच वगळलेली.

निकाल लागला तेव्हा बिरनाळ्यांचं म्हणणं खरं ठरलं. आर्वीला जे गुण पडले होते त्यावर आदल्या वर्षी हसत प्रवेश मिळाला असता. यंदा रेघ तिच्या डोक्यावरून गेली होती. नाझनीन राज्यात पहिल्या विसांत आली. आर्वीचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं. यादीतल्यांची तोंडी परीक्षा व्हायची आणि उरलेल्या जागा त्यांच्यात वाटायच्या.

"प्रतीक्षा यादी म्हणजे आत का बाहेर गं?" आप्पांनी फोनवर विचारलं.

"उंबऱ्यावर, आप्पा."

"मग काय, उंबऱ्यापर्यंत आलेलं माणूस आत येतंच," आप्पा म्हणाले, आणि मागे कुणालातरी "झालं बरं का, झाल्यातच जमा आहे," असं सांगताना तिला ऐकू आले. तिने फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन भडाभडा ओकली.

चार दिवसांनी महाविद्यालयाच्या मैदानात गुणवंतांचा सत्कार ठरला. भलंमोठं फ्लेक्स लागलं, त्यावर नाझनीनचा फोटो, पट्टीसकट. गुलाल आला, ढोल आले. आणि कुणीतरी उत्साहाच्या भरात फटाक्यांची लांबलचक माळ पाण्याच्या टाकीखाली लावली. टाकीच्या पोटाला आग्या मोहोळ लोंबत होतं. वर्षभर सगळे ते बघत होते, सगळ्यांना ते माहीत होतं, आणि तरी माळ तिथेच लावली गेली, कारण तिथे सावली होती. शरीरशास्त्राचं पान न् पान पाठ असलेली माणसं, पण वर मान करून बघायचं कुणाला सुचलं नाही.

धूर वर गेला आणि मोहोळ उठलं. खुर्च्या उलट्यापालट्या झाल्या, लोक डोक्यावर सतरंज्या घेऊन वाट फुटेल तिकडे धावले. डॉ. बिरनाळे एका मुलीला मंडपाबाहेर ढकलत होते, त्यांना माश्यांनी गाठलं. माश्या पांगल्या तेव्हा ते ग्रंथालयाच्या पायरीवर बसले होते. ओठ सुजून पालथे झालेले, अंगभर गांध्या, आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज. केळवकर मॅडम नेमक्या परीक्षा मंडळाच्या बैठकीला पुण्याला गेल्या होत्या.

राज्यातली निवडक हुशार मुलं सरांभोवती कोंडाळं करून उभी राहिली. सगळ्यांच्या मानेला पट्ट्या होत्या, सगळ्या चालू होत्या. पण पट्टी आवरते ती परीक्षेची धास्ती. डोळ्यांदेखत माणूस मरायला लागला तर अंग पट्टीला जुमानत नाही. मुलांची हृदयं धडधडत होती आणि तोंडं कोरडी पडली होती.

"मला येतंय," नाझनीन म्हणत होती. "डाव्या पानावर आहे, खालच्या चौकटीत. मला येतंय. काय होतं ते?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पान दिसत होतं, पानावरची अक्षरं कुणी पुसून टाकावीत तसं झालं होतं.

एकाने सरांना पाणी पाजायला घेतलं, दुसरा त्यांना उभं करू लागला.

"उभं करू नका," मागून आवाज आला. आर्वी गर्दीतून वाट काढत पुढे आली. तीही तितकीच भेदरलेली होती. पण भीती तिला नवी थोडीच होती? छाती धडधडली आणि तिच्यासोबत सगळं हजर झालं, ओळीने, न बोलावता. "पाणी नको, घशात अडकेल. सर, टेकून बसा, पाय सरळ ठेवा. नाझ, कार्यालयातली प्रथमोपचाराची पेटी आण, तिच्यात ॲड्रेनॅलिनचं तयार इंजेक्शन असतं, पेनासारखं. ए, पाणी राहू दे, तू रुग्णवाहिकेला फोन लाव, सांग, मधमाश्या चावल्यात, घसा सुजतोय."

नाझनीन धावली आणि इंजेक्शन घेऊन आली. आर्वीने ते सरांच्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, पँटवरूनच, दाबून धरलं. जागा चुकली नाही. रुग्णवाहिका आली तोवर श्वासातली शिट्टी बरीच खाली आली होती.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात भेटायला गेली. बिरनाळे उशांना टेकून बसले होते, तोंड अजून भोपळ्यासारखं. शेजारी केळवकर मॅडम. दोघांचं आधीच काहीतरी कडाक्याचं बोलणं झालेलं दिसत होतं.

"ये," बिरनाळे म्हणाले. "माझा जीव वाचला आणि आमचा सिद्धान्तही सिद्ध झाला. दोन्ही एकाच दिवशी, म्हणजे मज्जाच की. पोरांना शांततेत शिकवलं, तर ज्ञान शांततेशी बांधलं गेलं. भीती आली, ज्ञान गेलं. तू भीतीत शिकलीस, भीती आली आणि ज्ञान घेऊन आली."

"आपण असे डॉक्टर घडवत होतो," केळवकर म्हणाल्या, "जे रोगी ठणठणीत असेल तोवरच हुशार." त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. "मी मंडळाला कळवलंय, पट्टी थांबवा. ज्यांनी तिच्यावर अभ्यास केलाय त्यांना पुन्हा, सगळ्या अवस्थांमध्ये शिकवायला हवं. वर्ष जाईल त्यांचं. जाऊ दे." मग त्यांनी आर्वीकडे पाहिलं. "तुझी तोंडी आठवड्यानं आहे ना? मंडळात मी आहे. निर्धास्त ये."

आणि आर्वी निर्धास्त झाली. तीन वर्षांत पहिल्यांदा. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. आप्पांनी तो कापून दुकानाच्या काचेवर, फ्रेमच्या जाहिरातीच्या जागी चिकटवला. भेटेल तो म्हणे, आता काय, तुझी जागा पक्की. घरी आईने पुरणपोळ्या केल्या. आर्वी जेवली, झोपली, उठून पुन्हा जेवली. पाय हलायचा थांबला. बोटांना नखं आली. एके दुपारी ती पुस्तक उघडून बसली, पण डोळे मिटायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "राहू दे गं, किती वाचशील? सगळं येतंय की तुला." आर्वीने पुस्तक मिटलं. उन्हात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत तिने उरलेली दुपार काढली, आणि तिला इतकं बरं वाटत होतं, की लोक ज्याला जगणं म्हणतात ते हेच का, असं तिच्या मनात आलं.

तोंडी परीक्षेला ती आप्पांना घेऊन गेली. आप्पा बाहेर बाकावर बसले. आत टेबलामागे केळवकर आणि आणखी दोन परीक्षक. त्यांच्यातल्या वयस्कर परीक्षकांनी तिला स्वतः खुर्ची सरकवून दिली, चहा मागवला. "तुमचं नाव ऐकलंय. घाबरू नका हं. सोप्यापासून सुरुवात करू. मधमाशीच्या विषाने घसा सुजला तर कोणतं औषध, कुठे द्याल, आणि का?"

आर्वी हसली. चहाचा घोट घेतला. आणि उत्तराची वाट पाहू लागली.

उत्तर आलं नाही.

ती घाबरली नाही, हेच तर नवल. आतमध्ये नुसती स्वच्छ, झाडून काढलेली खोली. आपण ते इंजेक्शन हातात धरलं होतं, हे तिला आठवत होतं. त्याचा रंग आठवत होता. औषधाचं नाव नाही. येईल की, तिने स्वतःला सांगितलं.

"घाई नाही," परीक्षक प्रेमाने म्हणाले. "दुसरं विचारू? हृदयाच्या धमन्या सांगा." तिने मान डोलावली आणि पुन्हा वाट पाहिली. परीक्षक जितके सांभाळून घेत होते, तितकी खोली रिकामी होत होती. दुसरे परीक्षक घड्याळाकडे न बघता खिडकीबाहेर बघू लागले, हाही चांगुलपणाच.

केळवकर एवढा वेळ तिच्या हातांकडे बघत होत्या. कपाभोवती हात शांत होते, नखं वाढलेली होती. त्यांनी पेन टेबलावर आपटलं.

"पुरे. अशा मुलांसाठी मी मंडळाशी भांडले? एकच जागा उरलीय, आणि बाहेर बसलेल्या मुलाने सगळी उत्तरं दिलीत. ती त्याला जाईल. मगदूम, तू ऊठ. वडिलांना काय सांगायचं ते तुझं तू बघ."

आर्वीच्या हातातला कप बशीवर आदळला. पोटात गोळा आला, कानात रक्त वाजायला लागलं, आप्पा डोळ्यांपुढे आले, दुकानाच्या काचेवरचा फोटो आला, आणि त्याच्या मागोमाग सगळंच आलं. ती दारापर्यंत पोचली होती. दाराची कडी धरून, पाठमोरीच, ती बोलायला लागली. ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, शिरेत नाही, कारण हे. मग धमन्या, डावी, उजवी, त्यांचे फाटे, कुठला तुंबला तर हृदयाचा कुठला भाग जातो. न विचारलेलंही सांगत सुटली. तिला थांबवावं लागलं. वयस्कर परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अहो, हिला तर आत्ताच रुग्णालयात उभं करा."

जागा तिला मिळाली. केळवकरांनी दोन्ही परीक्षकांना पुढे पाठवलं आणि तिला थांबवून घेतलं.

"मी खोटं बोलले. बाहेर कुणी मुलगा नव्हता."

"कळलं मला," आर्वी म्हणाली. "म्हणजे आता कळतंय. मॅडम, हे नेहमी असंच होणार?"

"गाठ दोन्हीकडून घट्ट असते. मला दवाखान्यातच सुचायला हवं होतं. नाझनीनला शांत असल्याशिवाय येत नाही, तुला घाबरल्याशिवाय." केळवकर खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच त्या दमलेल्या दिसल्या. "लोक म्हणतात, केळवकर बाई तापट. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभी राहिली की ओरडते, सगळ्यांना धारेवर धरते. मी तापट नाही गं. मी शांत झाले तर मला पुढची शीर आठवत नाही. आमच्या वेळी सगळे असेच शिकलो, वडिलांच्या धाकात, मास्तरांच्या धाकात. मी रजा घेत नाही. एकदा घेतली होती, लेकीच्या बारशाला. परत आले तर माझ्यासमोर रोग्याचं पोट उघडं होतं आणि मला काही म्हणता काही येत नव्हतं. तेव्हापासून घरी शांत वाटायला लागलं की मी भांडण काढते. नवरा कंटाळून सोडून गेला. शांतपट्टी मी कशासाठी बनवून घेतली, वाटलं तुला?"

आर्वी समोरच्या खुर्चीत बसली.

"तू नाही म्हणू शकतेस. जागा सोड, दुसरं काहीतरी शिक, हसत शिक. सोडलीस तर परत मिळणार नाही, तेवढं माहीत आहे तुला."

"जागा घेऊन मग पुन्हा शिकले तर? नाझनीन शिकणार आहे तसं?"

"नाझनीनला मंडळ वर्ष देतंय, कारण तिला येत नाही हे दिसलंय. तुला येतं, हे तीन माणसांनी आत्ता ऐकलं. तुला कोण वर्ष देणार? पहिली परीक्षा तीन महिन्यांवर असते, मग दुसरी. मीसुद्धा ठरवलं होतं, पुढल्या वर्षी निवांत बसून सगळं पुन्हा वाचेन. अजून ठरवतेच आहे." त्या उठल्या. "आजचा दिवस विचार कर."

"विचार करत बसले तर शांत होईन, मॅडम," आर्वी म्हणाली. "मी येते. माझं नाव घाला."

बाहेर आप्पा बाकावरून उठले. तिचा चेहरा बघून त्यांना काही ठरवता येईना.

"झालं?"

"झालं, आप्पा. मिळाली जागा."

आप्पांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मग हसायला लागले, मग पुन्हा पुसले. "आता निवांत हो बघ," ते म्हणाले. "तीन वर्षं तुझ्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं मला. तुला कधी बोललो नाही. सुटलीस आता. सुटलीस, बाळ."

आणि आर्वीला आनंद व्हायला लागला. खराखुरा, पोटातून वर येणारा. खांदे सैल पडले, जिन्यातलं ऊन छान वाटलं. त्याच क्षणी तिने मनात हृदयाच्या धमन्या म्हणून पाहिल्या. डावी आठवली. उजवी आठवेना. मग डावीही गेली.

काहीतरी शोधायला हवं होतं, चटकन, भीती वाटेल असं काहीही. परीक्षा? ती झाली. जागा? ती मिळाली. तिने आजूबाजूला पाहिलं आणि तिची नजर आप्पांवर गेली. हसता-रडता ते किंचित धापा टाकत होते. आनंदाने त्यांनी हात छातीवर ठेवला होता. डावा भाग. वय साठीकडे. कपाळावर घाम, तोही उन्हाचाच कशावरून?

आर्वीने मनात आप्पांना जिन्यात कोसळताना पाहिलं. मुद्दाम, नीट, शेवटपर्यंत पाहिलं. ओठ निळे पडताना, हात सुटताना. तिची छाती धडधडायला लागली, आणि सगळ्या धमन्या ओळीने परत आल्या.

"काय गं, अशी काय बघतेस माझ्याकडे?" आप्पा म्हणाले.

"काही नाही," ती म्हणाली आणि त्यांचं मनगट धरून, नाडी मोजत, जिना उतरू लागली.